दोन नियम भांडले तर कोणाचं ऐकायचं? काशीत बसून आयुष्यभर याचंच उत्तर शोधणारे नागेश भट्ट काळे

घरच्या ग्रुपवर कोणीतरी घाईत टाईप केलेला मेसेज येतो. 'बाहेरजाऊनको.'

स्पेस दिलेली नाही. तरी तुम्ही तो एका झटक्यात वाचता. बाहेर जाऊ नको. विषय संपला.

आता हेच काम कॉम्प्युटरला सांगा. तो डावीकडून एकेक अक्षर वाचत येणार. 'बाहेर' सापडला, ठीक. पुढे 'जाऊ' सापडला. पण थांबा, अजून एक अक्षर घेतलं तर 'जाऊन' हाही शब्द होतोय. मग घ्यायचा कोणता? तुम्ही त्याला नियम दिला की जेवढा लांब शब्द सापडेल तेवढा घे, तर तो 'जाऊन' उचलणार आणि हातात उरणार 'को'. नियम दिला की जेवढा छोटा सापडेल तेवढा घे, तर तो 'जाऊ'वरच थांबायच्या ऐवजी 'जा'वरच थांबणार. म्हणजे कसंही केलं तरी घोळ.

नांदेडच्या विष्णुपुरीत असो किंवा लातूरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये, कॉम्प्युटरला ॲडमिशन घेतलेल्या पोरांच्या वाट्याला हा घोळ कधी ना कधी येतोच. कंपायलर नावाच्या विषयात अगदी सुरुवातीला 'लेक्सर' शिकवतात. आपण लिहिलेला कोड म्हणजे कॉम्प्युटरसाठी अक्षरांची एक लांबलचक माळ असते. तिचे शब्द पाडायचं काम लेक्सर करतो. या शब्दांना म्हणायचं टोकन. टोकन कसं ओळखायचं याचे नियम दिलेले असतात, आणि त्यातले दोन नियम एकाच जागेवर हक्क सांगायला लागले की कोणाचं ऐकायचं, हा सगळ्यात पहिला प्रश्न उभा राहतो.

1975 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये माईक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी 'लेक्स' नावाचं टूल बनवलं. हे श्मिट म्हणजे पुढे गुगलचे प्रमुख झाले तेच. लेक्सने या भांडणावर दोन ओळींचा तोडगा काढला. जो नियम जास्त लांब शब्द पकडतो, तो जिंकला. दोघांची लांबी सारखी भरली, तर यादीत जो आधी लिहिलाय तो जिंकला. 'इन्ट' हा प्रोग्रॅमिंगमधला राखीव शब्द आहे. पण बँकेच्या प्रोग्रॅममध्ये कोणी 'इन्टरेस्ट' असं नाव वापरलं, तर पहिली अक्षरं तीच असूनही लेक्सर त्याचे तुकडे करत नाही, कारण अख्खा शब्द जास्त लांब आहे.

आजही बहुतेक ठिकाणी हाच तोडगा चालतो.

पण नियमांच्या भांडणाचा हा प्रश्न काही बेल लॅब्समध्ये जन्माला आला नाही. आपल्याकडे त्यावर दोन हजार वर्षं खल चालला होता. आणि त्या सगळ्या चर्चेचा जमाखर्च मांडून शंभराहून जास्त कलमांचं एक पुस्तक अठराव्या शतकात एका मराठी माणसाने काशीत बसून लिहिलं. त्यांचं नाव नागेश भट्ट. नागोजी भट्ट असंही म्हणतात. आडनाव काळे.

गोदावरीकाठची माणसं काशीत

मराठी माणूस काशीत काय करत होता, हा प्रश्न त्या काळात कोणाला पडला नसता. सोळाव्या-सतराव्या शतकात काशीच्या पंडितांमध्ये गोदावरीकाठच्या घराण्यांचा मोठा दबदबा होता. पैठणहून गेलेलं भट्ट घराणं तर सगळ्यांना माहीत असतं, निदान एका नावामुळे. 1674 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले.

पैठणच्या खाली गोदावरी पुढे नांदेडला येते. अभ्यासकांच्या मते काशीतलं शेष घराणं मूळचं या नांदेडचं. या घराण्याची खासियत होती व्याकरण. त्यातले शेष कृष्ण हे सोळाव्या शतकातले बडे वैयाकरण. त्यांनी 'प्रक्रियाप्रकाश' नावाची टीका लिहिली, नाटकंही लिहिली. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी मात्र गुरूपेक्षा जास्त प्रसिद्ध झाला. तो म्हणजे भट्टोजी दीक्षित. संस्कृत घेऊन शिकलेल्यांना 'सिद्धान्तकौमुदी' हे नाव माहीत असेल, ती यांचीच.

भट्टोजींनी पुढे काय केलं, तर 'प्रौढमनोरमा' या ग्रंथात थेट गुरूंच्या टीकेतल्या चुका काढल्या. नांदेडकर शेषांच्या गोटात याचा प्रचंड राग आला. शेष कृष्णांचा मुलगा वीरेश्वर, आणि वीरेश्वरांचा शिष्य जगन्नाथ पंडित. रसगंगाधर लिहिणारा, मुघल दरबारात वावरलेला हाच तो जगन्नाथ. त्याने भट्टोजींच्या पुस्तकावर इतक्या झोंबऱ्या नावाचं खंडन लिहिलं की ते नाव आज चारचौघांत उच्चारताना माणूस चपापतो. व्याकरणावरून माणसं एवढी हमरीतुमरीवर येतात हे वाचून हसू येईल, पण भांडण कशावर होतं ते बघा. पाणिनीचा एखादा नियम नेमका कुठे लागू होतो आणि कुठे नाही, यावर.

याच भट्टोजींचे नातू हरि दीक्षित. आणि हरि दीक्षितांचे शिष्य आपले नागेश भट्ट. म्हणजे गुरुशिष्यांची शिडी उतरत गेलं तर नागेशांपासून चार पायऱ्यांत आपण नांदेडच्या घराण्यापर्यंत पोहोचतो.

काळे घराण्यातला मुलगा

नागेशांच्या वडिलांचं नाव शिवभट्ट, आईचं नाव सती. हे आपल्याला माहीत आहे कारण नागेश स्वतः आपल्या ग्रंथांच्या शेवटी ते लिहून ठेवायचे, काळे या आडनावासकट. घराणं देशस्थ ब्राह्मण. व्याकरण ते हरि दीक्षितांकडे शिकले आणि न्यायशास्त्र रामराम भट्टाचार्य यांच्याकडे. पतंजलीचं महाभाष्य म्हणजे पाणिनीवरचा सगळ्यात मोठा आणि अवघड ग्रंथ. तो नागेशांनी गुरूंकडे अठरा वेळा वाचला, असं परंपरेत सांगतात. आकडा खरा-खोटा सोडा, पण त्यांची पुस्तकं वाचणाऱ्याला तो पटतो.

पोटापाण्याची सोय प्रयागजवळच्या शृंगवेरपूरच्या राम नावाच्या राजाने केली. या आश्रयाचा उल्लेख नागेश आदराने करतात. परतफेड कशी केली, तर वाल्मीकी रामायणावरची 'तिलक' ही प्रसिद्ध टीका या राजाच्या नावावर आहे, ती नागेशांनीच लिहून दिली असं मानलं जातं. गुरू हरि दीक्षितांच्या नावावरचा 'शब्दरत्न' हा ग्रंथसुद्धा मुळात शिष्याचाच, असंही एक मत आहे. स्वतःचं लिखाण दुसऱ्याच्या नावावर सोडून देणारा माणूस, आणि तेही अशा गावात जिथे एकेका ओळीच्या मालकीवरून पिढ्यान्‌पिढ्या वैर चालायचं.

स्वतःच्या नावावर जे ठेवलं तेही काही कमी नाही. बृहत् आणि लघु असे दोन 'शब्देन्दुशेखर', कैयटाच्या महाभाष्य-टीकेवर 'उद्द्योत', शब्दाला अर्थ येतो कसा यावरची 'मंजूषा', धर्मशास्त्र, योग, अलंकारशास्त्र. गंमत म्हणजे जगन्नाथाच्या रसगंगाधरावरची गाजलेली टीकाही नागेशांचीच आहे. आपल्या गुरूंच्या आजोबांना ज्याने शिव्या घातल्या, त्याचंच पुस्तक त्यांनी ओळ न् ओळ समजावून सांगितलं. पटलं नाही तिथे वादही घातला, ती गोष्ट वेगळी.

पण आपला विषय आहे 'परिभाषेन्दुशेखर'. आकाराने छोटं पुस्तक, आणि डोकं फिरवणारं.

पाणिनीच्या यंत्रातला घोळ

पाणिनीची अष्टाध्यायी हे जवळपास 4000 सूत्रांचं यंत्र आहे. एका बाजूने मूळ धातू आणि प्रत्यय टाकायचे, दुसऱ्या बाजूने तयार शब्द बाहेर पडतो. सूत्रं इतकी आखडून लिहिली आहेत की काही सूत्रं दोन-चार अक्षरांची आहेत. ही बचत करण्यासाठी पाणिनीने शॉर्टकट वापरले. सगळे ध्वनी त्याने 14 छोट्या सूत्रांत रचले आणि प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचं व्यंजन ठेवलं. सुरुवातीचा ध्वनी आणि शेवटची खूण जोडली की मधले सगळे ध्वनी त्यात आले. 'अच्' म्हटलं की सगळे स्वर, 'हल्' म्हटलं की सगळी व्यंजनं.

एकच अडचण झाली. 'ण्' ही खूण दोनदा आली आहे. पहिल्या सूत्राच्या शेवटी एकदा आणि सहाव्याच्या शेवटी पुन्हा एकदा. म्हणजे 'अण्' असं म्हटलं तर पहिल्या ण् वर थांबायचं की दुसऱ्या? पहिल्यावर थांबलात तर अ, इ, उ हे फक्त तीन ध्वनी. दुसऱ्यापर्यंत गेलात तर सगळे स्वर आणि ह, य, व, र, ल मिळून 14.

'जाऊ' की 'जाऊन', तोच हा प्रश्न.

लेक्सने सरळ सांगितलं असतं, लांबचं घ्या. पण पाणिनीच्या बाबतीत ते चालत नाही. 'अण्' एक सूत्र सोडून बाकी सगळीकडे छोटं घ्यायचं असतं. 'इण्' मात्र कायम लांबचं. मग करायचं काय? नागेशांच्या पुस्तकातली पहिलीच परिभाषा या प्रकारच्या संशयाला धरून आहे. तिचं म्हणणं असं की दोन अर्थ निघतात म्हणून नियम फेकून द्यायचा नसतो, जाणत्यांनी केलेल्या स्पष्टीकरणावरून नेमका अर्थ ठरवायचा असतो. आजच्या भाषेत सांगायचं तर नुसत्या अक्षरांवर निकाल लागत नसेल तर संदर्भ बघा.

ऐकायला साधं वाटतं. पण कॉम्प्युटरवाल्यांना हे पचवायला बराच वेळ लागला. सी प्लस प्लस या भाषेत एका टेम्प्लेटच्या पोटात दुसरं टेम्प्लेट लिहिलं की शेवटी बंद करणारी दोन टोकदार चिन्हं शेजारी शेजारी यायची. लेक्सर लांबचं टोकन घेण्याच्या नियमाप्रमाणे त्या दोघांना मिळून एकच चिन्ह समजायचा आणि एरर फेकायचा. उपाय काय, तर मध्ये एक स्पेस द्या. कित्येक वर्षं जगभरचे प्रोग्रॅमर ती बिनकामाची स्पेस देत राहिले. 2011 च्या आवृत्तीत ही अडचण दूर केली, ती संदर्भ बघूनच.

देवाभ्याम्, मग देवेभ्यः का?

शाळेत संस्कृत असलेल्यांनी 'देव' शब्द घोकला असेलच. देवाभ्याम्, देवेभ्यः, देवेषु. एका ठिकाणी 'देवा' होतं, दुसऱ्या ठिकाणी 'देवे' का होतं, हे विचारायची हिंमत बहुतेकांनी केलेली नसते.

पाणिनीकडे याचे दोन नियम आहेत, आणि ते एकापाठोपाठ एक लिहिलेत. पहिला म्हणतो, पुढे 'भ्' सारख्या ठरावीक ध्वनीने सुरू होणारा विभक्तीप्रत्यय आला की शेवटचा अ दीर्घ करा. म्हणून देवाभ्याम्. दुसरा म्हणतो, प्रत्यय अनेकवचनाचा असेल आणि ठरावीक व्यंजनाने सुरू होत असेल तर अ चा ए करा. म्हणून देवेषु. आता 'भ्यस्' हा प्रत्यय घ्या. तो 'भ्' ने सुरू होतो आणि अनेकवचनाचाही आहे. दोन्ही नियम हात वर करून उभे.

पाणिनीने यासाठी एक सूत्र ठेवलंय. परंपरेने त्याचा अर्थ असा लावला की सारख्या ताकदीचे दोन नियम भिडले तर नंतर आलेला नियम जिंकतो. ए करणारा नियम नंतरचा, म्हणून देवेभ्यः.

लेक्स म्हणतं आधी लिहिलेला जिंकला, पाणिनी म्हणतो नंतरचा जिंकला. कोणतंही एक घ्या, पण ठरवून घ्या, एवढाच मुद्दा असता तर नागेशांना पुस्तक लिहावं लागलं नसतं. अडचण अशी की 'नंतरचा जिंकला' हे सगळीकडे लावलं तर चुकीचे शब्द बाहेर पडायला लागतात. 'तुद्' धातू घ्या, म्हणजे टोचणं, दुखावणं. त्यातल्या उ चा ओ करायला सांगणारा नियम सातव्या अध्यायात आहे. धातू आणि प्रत्ययाच्या मध्ये 'अ' घालायला सांगणारा नियम तिसऱ्या अध्यायात. नंतरचा घेतला तर 'तोदति' होईल. असा शब्द कोणी बोलत नाही. बोलतात ते 'तुदति'.

मग वैयाकरणांनी बारकाईने पाहिलं. उ चा ओ झाला काय न झाला काय, 'अ' घालायचा नियम लागतोच. पण 'अ' आधी घातला तर ओ करणारा नियम अडतो. म्हणजे एक नियम दुसऱ्यावर अवलंबून नाही, दुसरा मात्र आहे. जो अवलंबून नाही तो 'नित्य', आणि तो नंतरच्या नियमापेक्षाही बलवान.

अशा उतरंडीत चार पायऱ्या आहेत. नंतरचा म्हणजे 'पर', त्याहून बलवान 'नित्य', त्याहून 'अंतरंग' आणि सगळ्यांच्या वर 'अपवाद'.

अंतरंग म्हणजे ज्याला लागणारी कारणं शब्दाच्या आत आहेत तो नियम, आणि बहिरंग म्हणजे ज्याची कारणं बाहेरच्या प्रत्ययात आहेत तो. आतला आधी. हे पटवून देताना पतंजलीने घरगुती दाखला दिलाय. सकाळी उठलेला माणूस आधी स्वतःचं आवरतो, मग मित्रांची कामं बघतो, मग नातेवाइकांची. नागेशांनी सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत ती या अंतरंगावर.

अपवादाचं समजायला सोपं आहे. लातूरच्या एखाद्या होस्टेलवर पाटी असते की रात्री दहानंतर गेट बंद. आणि रात्री कोणी आजारी पडलं तर गेट उघडायचं, हेही ठरलेलं असतं. कोणता नियम वर लिहिलाय आणि कोणता खाली, हे वॉचमन बघत नाही. खास प्रसंगासाठी केलेला नियम चालतो, कारण तिथे तो चालला नाही तर त्याला दुसरीकडे कुठे कामच उरत नाही. अपवादामागचा नागेशांचा तर्क नेमका हाच आहे.

इथे लेक्स खरंतर कच्चं पडतं. 'इन्ट' हा राखीव शब्द आहे आणि कुठलंही नाव म्हणूनही तो बसतो. लांबी सारखीच. म्हणून राखीव शब्दाचा नियम प्रोग्रॅमरने आठवणीने वर लिहायचा असतो. चुकून नावाचा नियम वर लिहिला तर राखीव शब्दाचा नियम कधीच लागत नाही, तो नुसता पडून राहतो. पहिल्यांदा लेक्सर लिहिणाऱ्या पोरांची हमखास होणारी ही चूक आहे. पाणिनीच्या घरात खास नियम कुठेही असला तरी त्याचाच मान.

जुन्या कोडमधली ती एक ओळ

पण हे सगळे वरचे नियम पाणिनीने कुठे लिहिलेत? बहुतेक लिहिलेलेच नाहीत. इथे खरा पेच येतो. नसलेले नियम मनाने घालायला लागलं तर कोणीही काहीही सिद्ध करेल. भट्टोजी आणि शेषांची भांडणं याच वळणावर व्हायची.

नागेशांनी यात शिस्त आणली. जी परिभाषा पतंजलीच्या भाष्यात किंवा वार्तिकात सापडते आणि जिला पुरावा आहे तीच घ्यायची, बाकीच्या बाहेर. पुरावे मुख्यतः दोन प्रकारचे. एक लोकव्यवहार, म्हणजे वरच्या सकाळी उठणाऱ्या माणसासारखा. दुसरा 'ज्ञापक'.

ज्ञापक म्हणजे काय ते समजायला तुमच्या ऑफिसमधला जुना कोड आठवा. लिहिणारा सीनियर कधीच सोडून गेलाय. मध्येच एक ओळ अशी दिसते की ती काढली तरी सगळं तसंच चालेल असं वाटतं. पण तो सीनियर एक अक्षर फुकट लिहिणारा नव्हता. म्हणजे त्याच्या डोक्यात असा एखादा नियम होता, जो धरला तरच ती ओळ गरजेची ठरते. तो नियम शोधा.

पाणिनीच्या एका सूत्रात 'ऊठ्' असा शब्द आलाय. हिशोब केला तर त्याच्याशिवायही हवं ते रूप मिळतं. मग तो का घातला? जर बहिरंग नियमाने केलेला बदल अंतरंग नियमाला दिसतच नाही असं धरलं, तर मात्र 'ऊठ्' शिवाय भागत नाही. म्हणजे पाणिनी हे धरूनच चालला होता. अंतरंगाची अख्खी परिभाषा अशा एका जास्तीच्या वाटणाऱ्या शब्दावर उभी आहे. नागेश असा एकेक पुरावा उचलतात, उलटतपासणी घेतात आणि टिकला नाही तर आधीच्या मोठमोठ्या पंडितांनी मानलेली परिभाषाही बाजूला काढतात.

काशी न सोडणारा माणूस

जयपूरच्या सवाई जयसिंहाने अश्वमेध यज्ञासाठी नागेश भट्टांना बोलावणं पाठवलं, अशी गोष्ट सांगितली जाते. राजाचं निमंत्रण, मोठी दक्षिणा, देशभरच्या पंडितांसमोर मान. नागेश गेले नाहीत. त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही असं व्रत. एकदा नियम घेतला की त्याला अपवाद करायचा नाही, हे त्यांनी स्वतःलाही लावलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. एका ग्रंथाच्या शेवटी त्यांनी लिहून ठेवलंय की शब्देन्दुशेखर हा आपला मुलगा आणि मंजूषा ही मुलगी, आणि दोघांना शिवाच्या चरणी वाहिलं आहे. आता परिभाषेन्दुशेखराची शेवटची परिभाषा बघा. ती सांगते की सूत्रातली अर्धी मात्रा जरी वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्यासारखा आनंद होतो. ही परिभाषा नागेशांच्या आधीपासूनची, गमतीत सांगितली जाणारी. पण ती लिहिताना त्यांना काय वाटलं असेल, असा विचार वाचणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

1755 च्या सुमारास काशीतच ते गेले.

शिष्य मात्र तयार झाले होते. त्यातले सगळ्यात मोठे वैद्यनाथ पायगुंडे, पुन्हा मराठीच. परिभाषेन्दुशेखरावरची 'गदा' ही टीका त्यांची. या परंपरेतून व्याकरण पुण्या-साताऱ्यात आलं, साताऱ्याच्या अभ्यंकर घराण्याने ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. पाठशाळेत तुमचं शिक्षण कुठपर्यंत झालं याचं माप 'शेखर वाचलाय का' या प्रश्नावर यायचं.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ कीलहॉर्न नावाचा जर्मन प्राध्यापक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. अनंतशास्त्री पेंढारकरांसारख्या शास्त्र्यांकडे बसून त्याने हे पुस्तक समजून घेतलं. 1868 ते 1874 या काळात मुंबईतून त्याची संहिता आणि इंग्रजी भाषांतर निघालं. नागेशांचं काम युरोपात पोहोचलं ते पुण्यातून.

फॉरवर्डमधून गायब झालेलं नाव

'नासाने संस्कृतला कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा ठरवलं' हा मेसेज तुम्हाला आला नसेल असं होणार नाही. नासाने असं काही ठरवलेलं नाही. 1985 मध्ये नासाच्या एम्स केंद्रातल्या संस्थेत काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी एआयवरच्या एका मासिकात लेख लिहिला होता. वाक्याचा अर्थ काटेकोरपणे मांडायची संस्कृत वैयाकरणांची पद्धत एआयच्या कामाशी मिळतीजुळती आहे, एवढं त्यांचं म्हणणं. यासाठी त्यांनी ज्या ग्रंथांचा आधार घेतला त्यात नागेशांची 'मंजूषा' होती. म्हणजे नागेशांनी जिला मुलगी म्हटलं ती. फॉरवर्ड फिरत राहिला, त्यात नासा राहिली आणि काळे गळाले.

त्यानंतर 2022 च्या डिसेंबरमध्ये केंब्रिज विद्यापीठातून एक बातमी आली. ऋषी राजपोपट या संशोधकाने दावा केला की 'नंतरचा नियम जिंकतो' हा अर्थच मुळात चुकीचा आहे. पाणिनीच्या सूत्रातल्या 'पर' चा अर्थ नंतरचा नसून शब्दात उजवीकडे असलेला. दोन नियम शब्दाच्या दोन वेगळ्या भागांवर लागत असतील तर उजव्या भागावरचा घ्या. एकाच भागावर लागत असतील तर जास्त नेमका असेल तो घ्या. बस. हा दावा खरा मानला तर नित्य, अंतरंग वगैरे पायऱ्यांची गरजच राहत नाही आणि परिभाषेन्दुशेखराचा मोठा भाग न झालेल्या आजारावरचं औषध ठरतो.

अनेक संस्कृत अभ्यासकांना हे मान्य नाही. नवा अर्थ लावला तरी काही शब्दांच्या बाबतीत अडतंच, असं ते दाखवतात. नागेशांच्या बाजूने एवढं नक्की म्हणता येतं की त्यांनी निकाल मनाने दिला नाही, प्रत्येक ठिकाणी पुरावा ठेवला. म्हणून तर त्यांना खोडायचं असेल तरी आधी त्यांचंच पुस्तक उघडावं लागतं. वाद चालू आहे. 'देवेभ्यः' मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.